चोथा, भट्टी आणि त्यांच्यातलं अंतर

जानेवारी सरत आला की वाशीच्या घाऊक फळबाजारात द्राक्षांचा जोर सुरू होतो. नाशिक, तासगाव, जुन्नर, पंढरपूर अशा नाना दिशांनी गाड्या येतात. सोनाका, थॉम्पसन, काळी शरद अशी नावं आणि त्यांचे भाव ऐकू येऊ लागतात. ही सगळी खायची द्राक्षं. साल पातळ, बी नाही, गर भरपूर. घड संपला की मागे उरते फक्त काडी.

वाइनचं द्राक्ष याच्या अगदी उलट. दाणा वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, आणि चावलं तर तोंडाला कोरड पाडणारं. बाजारात आणलं तर कोणी फुकटही नेणार नाही. पण द्राक्षाचा बराचसा गंध सालीत आणि सालीच्या लगतच्या थरात असतो, त्यामुळे वाइनवाल्याला हीच जाडी हवी असते. तो रस काढून घेतो, आणि द्राक्षाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा चोथा म्हणून मागे राहतो. साली, बिया, थोडा गर. या चोथ्यापासून गाळलेली इटलीतली दारू म्हणजे ग्राप्पा.

ब्रँडी आणि ग्राप्पा यांत गल्लत होते, म्हणून फरक आधीच सांगितलेला बरा. ब्रँडी वाइन गाळून होते, म्हणजे भट्टीत द्रव पदार्थ जातो. ग्राप्पासाठी भट्टीत ओला चोथा जातो. फ्रान्समध्ये अशा दारूला मार्क म्हणतात, स्पेनमध्ये ओरुखो, पोर्तुगालमध्ये बागासेरा, ग्रीसमध्ये त्सिपुरो. द्राक्षं आहेत तिथे चोथा आहे, आणि चोथा आहे तिथे तो वाया जाऊ नये असं वाटणारं कोणीतरी असतंच. ग्राप्पा हे नाव मात्र युरोपीय संघाच्या कायद्यानं इटलीसाठी राखून ठेवलेलं आहे: द्राक्षं इटलीतली, गाळणी इटलीतली, आणि बाटलीतलं अल्कोहोल किमान ३७.५ टक्के.

सगळी मेख चोथ्याच्या ताजेपणात आहे. लाल वाइन करताना रस सालींसकट आंबवतात, म्हणून तिचा चोथा भट्टीकडे येतो तेव्हा त्यात अल्कोहोल तयारच असतं. तो ओलसर असतानाच भट्टीत टाकता येतो. पांढऱ्या वाइनला द्राक्षं आधी पिळतात आणि नुसता रस आंबवतात. त्यामुळे तिचा चोथा गोड, न आंबलेला असतो. तो हवाबंद ठेवून आधी आंबवावा लागतो आणि मग गाळावा लागतो. दोन्ही प्रकारांत हवा हा शत्रू. उघड्यावर पडलेल्या चोथ्यावर बुरशी धरते, अल्कोहोलचं व्हिनेगर होतं, आणि हे सगळं दिवसांत नाही, तासांत सुरू होतं. आंबूस चोथा गाळला की आंबूस दारू मिळते. भट्टी कितीही तांब्याची आणि महागाची असली तरी ती वास सुधारत नाही, उलट घट्ट करून देते. ग्राप्पाची पिढ्यान्‌पिढ्या जी बदनामी झाली, घसा सोलणारी शेतकऱ्यांची दारू म्हणून, तिचं मोठं कारण हेच होतं. चोथा आठवडेच्या आठवडे ढिगात पडून राहायचा आणि भट्टीवाला सवडीनं गाळायचा.

मुळात ती गरिबांचीच. वाइन विकायची किंवा जमीनमालकाला द्यायची. कष्टकऱ्याच्या वाट्याला चोथा. आल्प्सच्या पायथ्याच्या व्हेनेतो, फ्रिउली, त्रेन्तिनो, पिएमोंते या थंड प्रांतांत हिवाळ्यात पहाटे कामावर निघण्याआधी तिचा एक घोट घेतला जायचा. तिच्या जन्माच्या दंतकथा बऱ्याच आहेत, रोमन शिपाई आणि इजिप्तची भट्टी वगैरे. त्यांत फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ठोस पत्ता हवा असेल तर व्हेनेतोमधलं बस्सानो गाठावं. ब्रेन्ता नदीवर तिथे एक छप्पर असलेला लाकडी पूल आहे. सोळाव्या शतकात पल्लाडिओ या वास्तुकारानं त्याचा आराखडा केला. दुसऱ्या महायुद्धात तो उद्ध्वस्त झाला आणि १९४८ मध्ये जुन्याच आराखड्यानं पुन्हा उभा राहिला. या पुलाच्या तोंडाशी १७७९ मध्ये बोर्तोलो नार्दिनी यानं दुकान थाटलं. ते आजही चालू आहे. शेजारच्या ग्राप्पा डोंगरावर पहिल्या महायुद्धात इटलीचे पहाडी शिपाई लढले, त्यांच्या स्मरणार्थ १९२८ मध्ये गावाचं नाव बस्सानो देल ग्राप्पा झालं. डोंगर आणि दारू यांचं नाव एकच असलं तरी एकाचं दुसऱ्याला दिलेलं नाही. पर्यटकांना मात्र हा योगायोग पटत नाही, आणि दुकानदारांनाही तो पटवून देण्याची घाई नसते.

पिएमोंतेतल्या नेइवे गावात रोमानो लेवी नावाचा एक अवलिया होता. २००८ मध्ये तो वारला. त्याची भट्टी थेट आगीवरची होती. बाकीच्यांनी वाफेची यंत्रं घेतली तरी यानं सोडली नाही. थेट आगीत धोका असा, की चोथा तळाला लागला तर सगळा घाणा करपून जातो. गाळून झालेला चोथा तो दाबून, वाळवून ठेवायचा आणि पुढच्या हंगामात तोच जळण म्हणून वापरायचा. राख परत द्राक्षबागांत. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तो हातानं लिहायचा, चित्रं काढायचा, आणि गिऱ्हाइकं त्या चिठ्ठ्यांसाठी रांग लावायची. त्याची दारू सगळ्यांना आवडायची असं नाही. तिला धुराचा, करपटपणाच्या काठावरचा वास असे. शेणाच्या गोवऱ्या थापणाऱ्या आणि राखेनं भांडी घासणाऱ्या आपल्या आज्यांना लेवीचा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

ग्राप्पाचं नशीब पालटलं ते मात्र फ्रिउलीतल्या पेर्कोतो गावी. नोनिनो घराण्याची भट्टी १८९७ पासूनची. त्या घरातली सून ज्यानोला आणि तिचा नवरा बेनितो यांनी १ डिसेंबर १९७३ रोजी पिकोलित या एकाच जातीच्या द्राक्षाच्या चोथ्याची ग्राप्पा गाळली. तोवर सगळा चोथा एकात मिसळून गाळायची रीत होती. कोण कशाला वेगवेगळा ठेवेल? पिकोलित ही दुर्मीळ जात, घडाला मोजकेच दाणे धरतात, तिची गोड वाइन महाग. ज्यानोलानं शेतकऱ्यांच्या बायकांना गाठून चोथा वेगळा आणि ताजा ठेवायला सांगितलं आणि त्याचे जादा पैसे मोजले. दारू भरली ती फुंकून घडवलेल्या काचेच्या नाजूक बाटल्यांत. शेतमजुरांची दारू एकदम अत्तराच्या दिमाखात दुकानात येऊन बसली. सुरुवातीला ती घ्यायला फारसं कोणी तयार नव्हतं. पण पुढच्या काही वर्षांत एकाच जातीची ग्राप्पा हाच इटलीभरचा मानदंड झाला. नोनिनोंनी १९७५ पासून एक पुरस्कारही सुरू केला, तो नामशेष होऊ घातलेल्या स्थानिक द्राक्षजाती जपणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. बाटली आणि काच यांचंच कौतुक फार झालं आहे. मला विचाराल तर खरी करामत चोथ्याला भाव देण्याची आहे. भाव मिळाला म्हणून तो ताजा राहिला.

आता मिथेनॉलची गोष्ट, कारण मुंबई-ठाण्याच्या वाचकाच्या मनात ती येणारच. फळांच्या सालीत पेक्टिन असतं आणि आंबताना त्यातून थोडं मिथेनॉल सुटतं. ग्राप्पा सालींचीच असल्यामुळे तिच्यात ते ब्रँडीपेक्षा जास्त असतं. युरोपात ब्रँडीला दर शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे २०० ग्रॅमची मर्यादा आहे, चोथ्याच्या दारूला १००० ग्रॅमची, आणि प्रत्येक परवानाधारक भट्टीची दारू त्या मर्यादेत बसावी लागते. गाळताना सुरुवातीची धार, तिथल्या भाषेत डोकं, बाजूला काढतात; शेवटची धार, शेपूट, तीही काढतात; बाटलीत जातं ते मधलं काळीज. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचं कौतुक होतं, ती तिथे कोणी पीत नाही. पण हेही नीट लक्षात घ्यावं की मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसं दगावली ती द्राक्षाच्या किंवा गुळाच्या आंबवणीतल्या मिथेनॉलनं नव्हे. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि घरच्या घरी गाळण्याचा विचार कोणाच्या मनात डोकावत असेल तर तो तिथेच सोडावा. आपल्याकडे तो गुन्हा आहे, आणि इटलीतही विनापरवाना गाळायला बंदीच आहे.

मग महाराष्ट्रात ग्राप्पासारखं काही का नाही? द्राक्षं आहेत. २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. सुला ही वाइन कंपनी त्याआधीच, १९९९ मध्ये, नाशिकला सुरू झालेली. इटलीशी नातंही आहे. अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीत मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरांतले भाऊ एकत्र आले, तस्कनीचा पिएरो मासी वाइन करायला आला आणि सोलापूर जिल्ह्याच्या मातीत सांज्योवेझे ही तस्कनीची जात रुजली. निफाडजवळ कुंदेवाडीच्या रेव्हेलोनं सिसिलीची नेरो दाव्होला लावली. म्हणजे इटालियन साली महाराष्ट्रात दर हंगामात निघतात, आणि त्यांचं बहुतेक खत होतं.

पहिलं कारण हवामान. इटलीत द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात, थंडी तोंडावर असते. चोथ्याला थोडी उसंत मिळते. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोड जानेवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. नाशिक-सोलापूरला मार्चमधली दुपार कशी असते ते सांगायला नको. सकाळचा चोथा संध्याकाळी व्हिनेगरच्या वाटेला लागतो. तो टिकवायचा तर लगेच दाबून हवाबंद करायला हवा, किंवा भट्टी हाकेच्या अंतरावर हवी.

दुसरं कारण इथेच येतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत, आणि तो कायदा नाव बदलून आजही लागू आहे, वाइन आंबवण्याचा परवाना वेगळा आणि गाळण्याचा वेगळा. वाइनला शेतीमालाची माया मिळाली. गाळलेल्या दारूवर कर, पहारा आणि संशय. पिणाऱ्याच्या वयातही हा भेद आहे: वाइन एकविसाव्या वर्षी, गाळलेली दारू पंचविसाव्या. कायद्याच्या लेखी एकाच द्राक्षाचा रस सज्जन आणि त्याची साल संशयित. सुलानं ‘जेनस’ नावाची द्राक्षाची ब्रँडी काढून दाखवली, तेव्हा गाळणं अशक्य आहे असं नाही. पण ती वाइनची ब्रँडी, चोथ्याची नव्हे. वाइन थांबू शकते, चोथा थांबत नाही. इटलीतही बहुतेक वाइनवाले स्वतः गाळत नाहीत. चोथा भट्टीकडे पाठवतात. फरक एवढाच की हंगामात तिथे रोज गाड्या धावतात, भट्टी जवळ असते आणि तिच्या कोठ्या हवाबंद असतात.

हे अंतर मिटलेलं पाहायचं असेल तर गोव्याला जावं. काजूच्या फेणीचं आणि ग्राप्पाचं नातं आडवळणाचं आहे. पैसा काजूबीत, बोंडू ही बी काढल्यावर उरलेली वस्तू. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला, पण बोंडूचा रस आंबवून गाळणं हे इथल्या माणसाचं काम. बोंडू झाडावरून आपोआप पडलेलाच घ्यायचा, त्याच दिवशी तुडवायचा. रस आंबला की भाटीवर चढतो. पहिल्या गाळणीची हलकी उराक, पुढच्या गाळणीची फेणी. आणि भाटी कुठे? काजूच्या रानातच, डोंगराच्या उतारावर. उत्पादन शुल्क खातं हंगामाआधी काजूच्या क्षेत्रांचा लिलाव करतं, म्हणजे कायदाच भट्टीला झाडाखाली नेऊन बसवतो. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिथून पत्रादेवीचा नाका ओलांडून सिंधुदुर्गात आलं की तेच झाड, तोच बोंडू, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या भरघोस जाती, आणि बोंडूंचा खच जमिनीवर कुजत पडलेला. नाक्यापलीकडचा माणूस जास्त हुशार आहे असं काही नाही. त्याच्या बाजूला भाटीला परवानगी आहे.

नवी मुंबईकराला ग्राप्पा मिळते ती आयात केलेली. शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातून शीतकंटेनरांत नाशिकची द्राक्षं युरोपला रवाना होतात आणि त्याच बंदरात परदेशी दारूच्या पेट्या उतरतात. वर्षानुवर्षं या दारूवर दीडशे टक्क्यांच्या घरात आयात शुल्क राहिलं, वर राज्याचे कर. त्यामुळे दुकानात ती एखाद-दुसरीच असते, तीही कोपऱ्यात. अशा वेळी बाटलीवरची चिठ्ठी वाचता आलेली बरी. ‘ज्योवाने’ म्हणजे कोवळी, लाकडाचा स्पर्श नसलेली, पाण्यासारखी नितळ. ‘इन्व्हेक्क्याता’ म्हणजे किमान बारा महिने पिंपात मुरलेली. ‘रिझेर्वा’ किमान अठरा महिने. ‘अरोमातिका’ आणि ‘अरोमातिझ्झाता’ या जुळ्या दिसणाऱ्या शब्दांत फसगत होते. पहिली मोस्कातो किंवा त्रामिनेर अशा मुळातच सुवासिक द्राक्षांची. दुसरीत वरून वनस्पती, फळं किंवा मध घातलेला असतो.

कोवळी मोस्कातो ग्राप्पा नाकाशी आणली तर गुलाब, संत्र्याची फुलं आणि ताज्या सालीचा हिरवटपणा जाणवतो. मुरलेलीत व्हॅनिला, सुकामेवा, थोडी तंबाखू. चांगली-वाईट ओळखायची जुनी युक्ती अशी: एक थेंब मनगटावर चोळायचा. अल्कोहोल उडून जातं आणि राहिलेला वास खोटं बोलत नाही. द्राक्षाचा किंवा बेदाण्याचा वास राहिला तर ठीक; आंबूस, करपट राहिला तर चोथा शिळा होता. पेला लहान, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद असावा. कोवळी गार प्यावी, पण बर्फ नको. बर्फानं वास झोपतो, आणि वासासाठीच तर पैसे मोजले.

इटलीत ती जेवणासोबत नाही, जेवणानंतर येते, आपल्याकडच्या विड्याच्या जागी. पचन होतं असं तेही म्हणतात; प्रत्यक्षात अल्कोहोलनं जठर रिकामं व्हायला जास्तच वेळ लागतो. कॉफीशी तिची सोयरीक पक्की आहे. कडक काळ्या कॉफीत चमचाभर घातली की ‘काफे कोर्रेत्तो’. व्हेनेतो-फ्रिउलीत कॉफी संपल्यावर गरम कपाच्या तळाशी थोडी ग्राप्पा ओतून, कप फिरवून ती पितात. साखरेचा तळ आणि कॉफीचा वास दोन्ही वसूल. नेरूळ-वाशीतल्या दाक्षिणात्य घरांतल्या दुधाळ फिल्टर कॉफीत हा प्रयोग करू नये, दोघींचाही अपमान होतो.

आपल्या ताटाशी ती कशी जुळते? दिवाळे किंवा सारसोळे गावातल्या आगरी-कोळी जेवणाबरोबर अजिबात नाही. यात आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. जिभेवर मिरचीची जळजळ ओळखणारे जे ग्राही असतात, तेच गरम स्पर्शानंही चेततात, आणि अल्कोहोल त्यांना जास्त हळवं करतं. तिखट कोलंबीवर ग्राप्पा म्हणजे आगीत तेल, शब्दशः. जेवण संपून तासभर गेला, सोलकढी पोटात गेली, की मग बघावं.

गोडात तिचा खरा जोडीदार तासगावचा बेदाणा. कोवळ्या ग्राप्पात तो रात्रभर भिजवावा आणि साध्या व्हॅनिला आइस्क्रीमवर घालावा. इटलीतही मनुका अशाच भिजवतात. मुरलेली ग्राप्पा आणि साताऱ्याचा कंदी पेढा ही जोडी इटालियन माणसाला सुचली नसती, पण भाजलेल्या खव्याची खमंग चव आणि पिंपातला व्हॅनिला एकमेकांना ओळखतात. गूळपोळीही चालते, तूप थोडं हात आखडून. कडू चॉकलेट हा सर्वमान्य पर्याय, त्यात चुकायला जागा नाही. श्रीखंड नको, आंबटपणा दारूचा तिखटपणा वर काढतो. हापूसच्या बाबतीत उत्साही लोक मोस्कातो ग्राप्पा सुचवतील; त्यांचं ऐकू नये. हापूसच्या गंधापुढे ती नुसती जळजळ उरते. खारटात जुनं, कोरडं, दाणेदार चीज उत्तम. बस्सानोच्या वरच्या पठारावरचं अझ्यागो मिळालं तर प्रश्नच मिटला. प्रोसेस्ड चीजचा चौकोनी ठोकळा मात्र सँडविचलाच राहू द्यावा.

कोवळ्या ग्राप्पाची बाटली एकदा उघडली की तिचा फुलांचा वास हळूहळू उडत जातो. ती आडवी ठेवू नये, उन्हात ठेवू नये, आणि चांगल्या प्रसंगासाठी म्हणून काही वर्षं राखून तर अजिबात ठेवू नये. मुरायचं असेल ते तिनं पिंपातच मुरायला हवं होतं. काचेत ती फक्त म्हातारी होते.